आयटी डिप्लोमा करून डिग्रीला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं

दहावीचा निकाल लागला की दोन दिवस माझा फोन थंड होत नाही, कारण आमच्या भावकीत डिप्लोमा करून इंजिनिअर झालेला पहिला मी, त्यामुळे ज्याच्या घरी पोरगं दहावी पास होतं तो आधी पेढे वाटतो आणि मग मला फोन लावतो. यंदा मावशीच्या जावेच्या मुलाचं होतं. ७८ टक्के. काका म्हणाले, "अरे, स्टँडसमोरचा क्लासवाला म्हणतोय एका वर्षात आयटी डिप्लोमा देतो, मग थेट सेकंड इयर इंजिनिअरिंग, ॲडव्हान्स दहा हजार भरायला सांगतोय." म्हटलं काका, हात जोडतो, पैसे खिशातच ठेवा आणि पाच मिनिटं माझं ऐका. पाच मिनिटांचा तास झाला तो भाग वेगळा. तेच सगळं इथे लिहितोय, म्हणजे पुढच्या वर्षी लिंक पाठवून मोकळा होईन.

पहिला घोळ "डिप्लोमा" या शब्दाचा. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना डिप्लोमा म्हणतात आणि तिन्ही एकाच रांगेत बसवून विकतात. एक म्हणजे क्लासवाल्यांचा सहा महिन्याचा, वर्षाचा डिप्लोमा, त्यात शिकवतात चांगलं कधीकधी, नोकरीलाही उपयोग होत असेल, पण त्या सर्टिफिकेटवर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडत नाही म्हणजे नाही. दुसरा म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणातला, डिग्रीला ॲडमिशन घेऊन दोन वर्षांनी बाहेर पडलात तर जो यूजी डिप्लोमा मिळतो तो. आणि तिसरा म्हणजे आपला जुना पॉलिटेक्निकचा, दहावीनंतर तीन वर्षं, सहा सेमिस्टर, एआयसीटीईची, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेची मान्यता असलेलं कॉलेज आणि परीक्षा घेणारं महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई. काही तंत्रनिकेतनं स्वायत्त आहेत, पुण्याचं सरकारी पॉलिटेक्निक, पार्ल्याचं भगुभाई वगैरे, ती परीक्षा स्वतःच घेतात, पण डिप्लोमा त्याच तोलाचा. पुढे मी डिप्लोमा म्हणीन तेव्हा हा तिसराच धरायचा. कॉलेज खरं आहे का हे बघायचं असेल तर डीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यादीत त्याचा कोड सापडतो का ते बघा, नाही सापडला तर चहा पिऊन घरी या.

ॲडमिशनला दहावीत ३५ टक्के पुरतात, म्हणजे अर्ज करायला पुरतात, चांगल्या सरकारी पॉलीत आयटी नाहीतर कॉम्प्युटर मिळायला किती लागतात ते वेगळं गणित. बारावी सायन्स झालेले किंवा आयटीआय केलेले डिप्लोमाच्याच दुसऱ्या वर्षाला थेट येतात, ती आणखी एक सोय. आणि लोक ज्यावर रात्र रात्र डोकं खाजवतात तो प्रश्न, आयटी घेऊ का कॉम्प्युटर? एमएसबीटीईच्या भाषेत आयएफ का सीओ? अहो काही फरक नाही, बहुतेक विषय तेच, बऱ्याचदा पेपरसुद्धा तोच आणि त्याच दिवशी. सी, मग डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस, जावा, पायथन, नेटवर्किंग, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. घराजवळ बरं कॉलेज जे देईल ते घ्या आणि झोपा.

आता मुख्य मुद्दा. डिप्लोमा झाल्यावर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाणं याला डायरेक्ट सेकंड इयर म्हणतात, डीएसई. पहिलं वर्ष का माफ? कारण विद्यापीठाच्या हिशोबात डिप्लोमाच्या तीन वर्षांत अकरावी, बारावी आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष असं सगळं मिळून झालं असं धरलेलं असतं. दहा अधिक दोन अधिक चार केले तरी सोळा, दहा अधिक तीन अधिक तीन केले तरी सोळा. वर्ष वाचतं वगैरे जे सांगतात ते खोटं आहे, दोन्ही पोरं एकाच वर्षी बाहेर पडतात. हा हिशोब बरा लक्षात ठेवा, कारण पुढे कोणाला बाहेरदेशी एमएसला जायचं असेल आणि तिथल्या विद्यापीठाने सोळा वर्षांचं शिक्षण मागितलं तर ते इथे पूर्ण भरतं, फक्त डिग्रीसोबत डिप्लोमाच्या मार्कशीटाही जोडाव्या लागतात, त्या माळ्यावर टाकू नका.

डीएसईला सीईटी नाही. हे वाक्य ऐकलं की पालकांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ना, ते बघूनच क्लासवाले धंदा करतात. सीईटी नाही हे खरं, पण मेरिट लिस्ट आहे, आणि ती लागते डिप्लोमाच्या मार्कांवर. बारावीच्या पोराची सीईटी एका दिवशी तीन तासांत उरकते, आपली सीईटी डिप्लोमा शिकता शिकता चालते, थोडी थोडी, रोज, आणि ती चालू आहे हेच पोरांना कळत नाही. थिअरीचा पेपर ७० चा, टेस्टचे ३०, वर प्रॅक्टिकल, ओरल, मायक्रो प्रोजेक्ट. पास व्हायला १०० पैकी ४० लागतात. आता बघा गंमत, पास ४० ला होतो पण डीएसईला ओपनच्या मुलाला कमीत कमी ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. म्हणजे ४२ टक्क्यांनी डिप्लोमा पास झालेला ओपनचा मुलगा डिप्लोमा होल्डर आहे, पण डीएसईच्या फॉर्मला पात्र नाही. आमच्या बॅचला असे दोघं होते आणि दोघांनाही हे निकालानंतर कळलं.

अंतर्गत मार्कांची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे प्रत्येक प्रॅक्टिकल विषयाला एमएसबीटीईचं छापील मॅन्युअल असायचं, प्रत्येक प्रयोगाखाली एक चौकट, त्यात मार्क आणि सरांची सही. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एका पूर्ण झालेल्या मॅन्युअलवरून अकरा जण उतरवत बसलेले, एक जण प्रोग्राम वाचणार, बाकीचे लिहिणार, आणि वाचणाऱ्याने चुकून एका ठिकाणी "अरे लाईट बंद कर" असं म्हटलं ते एकाने झोपेत तसंच लिहिलं, जावाच्या प्रोग्रामच्या मधोमध. सरांनी सही केली! तेव्हा हसून हसून पोट दुखलं. हसू पुढे तिसऱ्या वर्षाच्या ओरलला गेलं, बाहेरचे एक्स्टर्नल आले आणि म्हणाले हाच प्रयोग करून दाखव. तर मॅन्युअल स्वतः लिहा. टेस्टचे तीस, ओरलचे, प्रॅक्टिकलचे हे सगळे जोडून मेरिटचा एक एक टक्का बनतो, आणि डीएसईत जागा किती थोड्या असतात ते खाली येतंच आहे.

लेखी पेपरचं मात्र डिप्लोमासारखं सोपं काम दुसरं नाही, असं माझं मत, कोणाला राग आला तर येऊ दे. एमएसबीटीई प्रत्येक उन्हाळी आणि हिवाळी परीक्षेनंतर मॉडेल आन्सर वेबसाईटवर टाकते, फुकट. मागच्या पाच-सहा परीक्षांचे पेपर आणि त्यांची मॉडेल आन्सर घेऊन बसलात तर कळतं की प्रश्न किती फिरून फिरून येतात आणि परीक्षकाला चार मार्कांच्या उत्तरात नेमकं काय हवं असतं, व्याख्येला एक, आकृतीला दोन, स्पष्टीकरणाला एक, असं चक्क लिहिलेलं असतं. मराठी मीडियमच्या पोरांना तर हे वरदान आहे. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीत, पहिल्या सेमला वर्गात काय चाललंय ते निम्मं कळायचं नाही, मॉडेल आन्सर वाचून वाचून इंग्रजीत उत्तर कसं मांडतात ते शिकलो. पण त्याचा तोटाही आहे, पाठ केलेलं पेपर संपला की उडून जातं, आणि ते कुठे नडतं ते पुढे बघूच.

विषय राहिला तर एटीकेटी, म्हणजे तो घेऊन पुढच्या वर्षाला जायचं, जास्त राहिले तर वायडी, म्हणजे वर्षच गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की सहाव्या सेमला एक जरी विषय उडाला तरी तो निघणार हिवाळी परीक्षेत आणि तोपर्यंत डीएसईचे राउंड होऊन कॉलेजं सुरू झालेली असतात, म्हणजे एका विषयापायी अख्खं वर्ष घरी. तिसऱ्या सेमचा एखादा जुना विषय अडकलेला असला तरी तेच. शेवटच्या वर्षाला जाताना मागची पाटी कोरी असलीच पाहिजे.

बरं, आता जागा. हे नीट समजून घ्या कारण इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. डीएसईसाठी वेगळी कॉलेजं नसतात. कॉलेजच्या मंजूर जागा समजा ६०, त्याच्या १० टक्के जादा म्हणजे ६ जागा डिप्लोमावाल्यांसाठी वर काढून ठेवलेल्या असतात, आणि त्याशिवाय पहिल्या वर्षाला ज्या जागा भरल्याच नाहीत त्या रिकाम्या जागा डीएसईला मिळतात. बस. आता डोकं लावा. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर, आयटीला पहिल्या वर्षाला जागा रिकामी राहते का? नाही राहत. मग उरल्या त्या सहा. त्या सहांत पुन्हा प्रवर्ग आले, मुलींचं आरक्षण आलं, म्हणजे एकेका रकान्यात एक जागा, फार तर दोन. पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय इथे कॉम्प्युटरला म्हणूनच नव्वदीच्या वर असलेली पोरंही बाहेर राहतात. आणि याच्या उलट, तालुक्याच्या ठिकाणचं एखादं खासगी कॉलेज, जिथे पहिल्या वर्षाला मेकॅनिकल, सिव्हिलचे बाक मोकळे पडलेत, तिथे डीएसईला जागाच जागा, ६० टक्केवाल्यालाही बोलावून घेतात.

याच्यामुळे कटऑफ बघायची पद्धत बदलते. पहिल्या वर्षाच्या सीईटीचा कटऑफ म्हणजे कधी शंभर, कधी दोनशे जागांमधला शेवटचा मुलगा, तो वर्षावर्षाला फार हलत नाही. डीएसईचा कटऑफ म्हणजे त्या रकान्यातल्या एकाच मुलाचे मार्क. मागच्या वर्षी तिथे ९३ वाला आला म्हणून कटऑफ ९३, यंदा त्याच जागेला कोणी ८८ वाला बसू शकतो किंवा ९५ वाला. म्हणून एका वर्षाचा कटऑफ बघून "आपलं काही होत नाही" म्हणत कॉलेज यादीतून काढू नका, तीन वर्षांचे बघा, आणि तरीही नाव यादीत ठेवा.

आणखी एक, डीएसईला कुठल्याही शाखेचा डिप्लोमा चालतो, एआयसीटीईचा नियमच तसा आहे. म्हणजे आयटीचा डिप्लोमा केलाय म्हणून आयटीच्या जागेवर आपला वेगळा हक्क नाही, मेकॅनिकलमध्ये ९४ काढणारा पोरगा कॉम्प्युटरला अर्ज टाकतो आणि आपल्या पुढे उभा असतो. उलटंही खरं, पण आयटीवरून सिव्हिलला गेलेला मी तरी अजून पाहिला नाही.

ॲडमिशनची गंमत वेगळीच. डिप्लोमाची ॲडमिशन डीटीई करते, डीएसईची सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष. हो, सीईटी नसली तरी सीईटी सेल. रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची तपासणी, मेरिट लिस्ट, ऑप्शन फॉर्म, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. ऑप्शन फॉर्म भरायला माझे वडील आणि मी सायबर कॅफेत बसलो होतो, तो कॅफेवाला स्वतःला जिल्ह्याचा ॲडमिशन एक्स्पर्ट समजायचा, म्हणाला मिळेल तेच कॉलेज वर टाका, मोठी नावं वर टाकली तर खालचं हातचं जातं. साफ चूक. कॉम्प्युटर मेरिटच्या क्रमाने एकेक मुलगा घेतो आणि त्याचे ऑप्शन वरून खाली बघत जातो, पहिला मिळतो का, नाही, दुसरा, नाही, तिसरा, आहे, दिला. तुम्ही वर पाच अशक्य नावं टाकली तरी सहावं कॉलेज तुमच्याकडून कोणी काढून घेत नाही, ते तुमच्या मेरिटवर मिळणार असेल तर मिळणारच. मात्र पहिल्या नंबरचं मिळालं तर ते आपोआप फ्रीझ होतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही, त्यामुळे कॅफेवाल्याचं ऐकून "मिळेल ते" एक नंबरला टाकलं की ते मिळतं आणि तुम्ही तिथेच अडकता. आमच्या वर्गातला एक जण असाच अडकला, वरच्या कॉलेजचा कटऑफ त्याच्या खाली लागला तरी. मनापासून जे आवडतं त्या क्रमाने भरा, एवढंच.

कागदांचं तर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षीच बघा. जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. व्हॅलिडिटी हा एकच कागद असा आहे की जो सेतूत जाऊन चार दिवसांत मिळत नाही, आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यापासून सुरुवात होते. तीन वर्षं हातात असताना लोक शेवटच्या जूनमध्ये जागे होतात आणि मग मुदत संपली की पोरगं ओपनमधून लढतं. नॉन क्रिमीलेअरची तारीखही बघा, जुनं चालत नाही.

पैशाचं थोडक्यात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर अर्ज करायचा, आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना डिग्रीच्या व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. पण हे सगळं कॅपमधून आलात तर. कॅप संपल्यावर कॉलेज स्वतःच्या पातळीवर ज्या जागा भरतं तिथे गेलात तर ही सवलत मिळत नाही, आणि कॉलेजच्या ऑफिसात ही गोष्ट सहसा पैसे भरून झाल्यावर सांगतात.

झालं, ॲडमिशन मिळालं. आता जे कोणी सांगत नाही ते.

डीएसईचे राउंड उशिरा संपतात. मी कॉलेजात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा वर्ग सुरू होऊन महिना होऊन गेला होता, बाकीच्यांची पहिली युनिट टेस्ट पुढच्या आठवड्यात. पोरांचे ग्रुप वर्षभरापूर्वीच ठरलेले, बसायच्या जागा ठरलेल्या, मागचे दोन बाक आमचे, "डिप्लोमावाले" हे आमचं आडनाव. पहिलाच तास एम थ्रीचा, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताच्या तिसऱ्या पेपरचा. सरांनी फळ्यावर एक लांब एस काढला, त्याच्या खाली शून्य, वर इन्फिनिटी, आणि म्हणाले हे लाप्लास ट्रान्सफॉर्म, हे तुम्हाला येतंच. वर्गाने मान हलवली. आम्ही मागच्या दोन बाकांनी एकमेकांकडे बघितलं.

हे का होतं ते सांगतो, कारण यात पोराच्या हुशारीचा काही संबंध नाही. बारावीवाल्याने दोन वर्षं रगडून कॅल्क्युलस केलेलं असतं, मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम वन, एम टू, आणि मग तो एम थ्रीला येतो. डिप्लोमाच्या आयटीत आमच्या वेळी गणिताचे पेपर दोन, पहिल्या सेमला बेसिक मॅथ्स, लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, ट्रिग्नॉमेट्री, सरळ रेषा, दुसऱ्या सेमला अप्लाईड मॅथ्स, त्यात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, थोडं डिफरन्शियल इक्वेशन. त्यानंतर चार सेमिस्टर गणिताचा पेपर नाही. दोन वर्षं हात न लावलेलं इंटिग्रेशन घेऊन आपण त्या मागच्या बाकावर बसतो. लाप्लासमधला एखादा अपूर्णांक उलटा फिरवायचा असतो तेव्हा आधी पार्शल फ्रॅक्शन करावं लागतं, ते मी पहिल्या सेमला केलं होतं, ७० पैकी ६३ होते त्या पेपरला, आणि आता नावाशिवाय काही आठवेना. मॉडेल आन्सर पाठ केली होती ना. इथे नडलं ते.

एम थ्री माझा राहिला. सरळ सांगतो, पहिल्या झटक्यात राहिला, आणि डिप्लोमाला ८९ टक्के असलेल्या पोराला २३ मार्क पडले की घरी कसं सांगायचं हे कळत नाही. दुसऱ्या झटक्यात निघाला, तेही मागच्या बाकावरच्या एका मुलीमुळे, ती लातूरच्या सरकारी महिला तंत्रनिकेतनातून आलेली, तिने सुट्टीत बारावीचं इंटिग्रेशनचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून सोडवलं होतं. एवढंच केलं होतं तिने, पण सहावं सेम संपल्यापासून ॲडमिशन होईपर्यंत जे दोन-अडीच महिने मिळतात, ज्यात आम्ही क्रिकेट खेळलो आणि लग्नांत वाढपी झालो, त्या महिन्यांत. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, पार्शल फ्रॅक्शन, कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स. रोज दीड तास. विद्यापीठांनी डिप्लोमावाल्यांसाठी ब्रिज कोर्स ठेवावा असं एआयसीटीईच्या नियमांत आहे, काही ठिकाणी तो खरंच मन लावून घेतात, काही ठिकाणी शनिवारी दुपारी दोन तास आणि हजेरी, त्याच्या भरवशावर राहू नका.

पण लॅबमध्ये चित्र पालटतं बरं का. डीबीएमएसच्या पहिल्या प्रॅक्टिकलला पुढच्या बाकावरची पोरं दोन टेबल जोडायला जॉईन लिहिताना घाम पुसत होती आणि आम्ही दहा मिनिटांत लिहून कॅन्टीनला. डेटा स्ट्रक्चर, जावा, नेटवर्क सगळं एकदा होऊन गेलेलं, प्रोजेक्टची फाईल कशी बांधतात इथपासून माहीत. पुढच्या बाकावरचे हळूहळू मागे येऊन बसायला लागले, आम्ही त्यांना पॉइंटर समजावायचा, त्यांनी आम्हाला इंटिग्रेशनमधला लायेटचा नियम. दुसरं वर्ष संपेपर्यंत आमचं आडनाव गेलं होतं.

मग अकरावी का डिप्लोमा? माझं उत्तर लोकांना आवडत नाही, कारण ते मुलावर आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स झेपतंय, आवडतंय, एका दिवसाच्या परीक्षेचं टेन्शन घेत नाही, असं पोरगं असेल तर अकरावी-बारावी आणि सीईटी, कारण पहिल्या वर्षाला जागा कितीतरी जास्त. आयआयटी डोक्यात असेल तर मग डिप्लोमाचा विचारच नको, आयआयटीत थेट दुसऱ्या वर्षाची पद्धतच नाही. पण कॉम्प्युटरसमोर बसलं की ज्याला जेवणाची आठवण राहत नाही, किंवा घरची परिस्थिती अशी की मधेच काही झालं तर हातात काहीतरी पाहिजे, त्याला डिप्लोमा. बारावीनंतर शिक्षण थांबलं तर हातात नुसती बारावी असते. डिप्लोमानंतर थांबलं तर निदान ज्युनिअरची नोकरी मिळू शकते, आणि नोकरी करता करता डिग्री करायचीही आता सोय आहे, २०२३ पासून एआयसीटीईने काही कॉलेजांना नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला दिलेत, त्याला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. कॅम्पस इंटरव्ह्यूला डिप्लोमावाल्याला कमी समजतात का, हे नेहमी विचारतात. कंपन्यांच्या फॉर्मवर रकानाच "बारावी/डिप्लोमा" असा असतो, तिथे ६० टक्के आहेत का ते बघतात, पुढे कोडिंग टेस्ट सगळ्यांना तीच.

बीईच केलं पाहिजे असंही नाही. काही विद्यापीठांत बीएस्सी आयटीला डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, गणिताचा जाच कमी, फी कमी, फक्त वर सांगितलेला सोळाचा हिशोब तिथे पंधरावर थांबतो. गोव्यातल्या पोरांना तिथला डिप्लोमा करून फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात असंच जाता येतं. आणि बेळगाव, निपाणीकडचे कोणी वाचत असाल तर तुमचं वेगळं, कर्नाटकात डिप्लोमावाल्यांची चक्क सीईटी असते, डीसीईटी, त्यामुळे "परीक्षा नाही" हे आमचं महाराष्ट्राचं वाक्य तुम्ही घेऊन बसू नका.

तर काकांनी क्लासवाल्याचे दहा हजार भरले नाहीत. पोराला घरापासून एसटीने सव्वा तासावरच्या सरकारी पॉलीत आयएफ मिळालं, दुसऱ्या राउंडला. त्याला मी माझी पहिल्या सेमची बेसिक मॅथ्सची वही दिली आणि म्हटलं ही तीन वर्षं जपून ठेव, पार्शल फ्रॅक्शनचं पान दुमडलंय. परवा त्याचा मेसेज आला, "दादा वही भारी आहे, पण सीचं पूर्ण झालेलं मॅन्युअल आहे का तुमच्याकडे, सोमवारी सबमिशन आहे."